हळद, मधुमेह आणि आपली जबाबदारी

(ऐरोली येथे झालेल्या संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



जमाखर्चाची पत्रके आपल्या हाती आहेतच. आज आम्ही देऊ केलेल्या स्वरूपात न स्वीकारलेल्या एका देणगीविषयी बोलणार आहोत.

सरत्या वर्षी एका सहृदय देणगीदारांनी आमच्या मधुमेही रुग्णांना करक्युमिन या हळदीतील द्रव्याच्या गोळ्या वर्षभर मोफत वाटण्याची इच्छा प्रकट केली. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. औषधशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. म्हणून वैद्यकीय सहकाऱ्यांकडून जे समजून घेतले, तेच येथे मांडतो.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की पेशींमध्ये अस्थिर व विध्वंसक रेणू वाढतात. डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू यांच्या हानीमागे हे एक महत्त्वाचे कारण आहे. प्रयोगशाळेत करक्युमिन अशा रेणूंना निष्प्रभ करते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मधुमेही उंदरांना आहारातून हळद व करक्युमिन दिले असता मोतीबिंदूची वाढ मंदावली. मात्र त्या उंदरांच्या रक्तातील साखर उतरली नाही. हा भेद आपण सर्वांनी ध्यानी ठेवावा.

शिवाय हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्क्यांच्या आसपास असते आणि त्यातील फारच थोडे रक्तात शोषले जाते. बंगळुरू येथील १९९८ सालच्या अभ्यासात मिऱ्यातील पिपरीन सोबत दिल्यास माणसांत हे शोषण सुमारे वीसपट वाढल्याचे आढळले. परंतु पिपरीनमुळे इतर औषधांचे शोषणही बदलू शकते. मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी काहींच्या यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत. माणसांवरील काही लहान चाचण्यांचे निष्कर्ष आशादायक असले, तरी करक्युमिन मधुमेहाच्या औषधाची जागा घेऊ शकते, असा पुरावा नाही.

याच वर्षी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ पायाची चिघळलेली जखम घेऊन आमच्याकडे आले. चार महिन्यांपूर्वी नेहमीची औषधे बंद करून त्यांनी केवळ हळदीच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. पायाचे एक बोट काढावे लागले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “साहेब, घरचीच हळद, तिचा कसला अपाय?” अपाय हळदीने नव्हे, तर बंद केलेल्या औषधाने झाला होता. मधल्या काळात ते दोनदा बाह्यरुग्ण विभागात येऊन गेले होते. घरी आणखी काय घेता, हे आम्ही विचारले नाही. ही उणीव आमची होती. आता प्रत्येक केस पेपरवर तसा रकाना छापला आहे.

हळदीचा अभिमान आम्हांसही आहे. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगासाठी अमेरिकेत १९९५ साली दिले गेलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या आक्षेपामुळे १९९७ साली रद्द झाले. ती लढाई केवळ भावनेवर जिंकली गेली नाही. जुने ग्रंथ व शोधनिबंध पुरावा म्हणून सादर करावे लागले. जी कसोटी आपण परक्यांना लावली, तीच मधुमेहाबाबत स्वतःस लावणे उचित ठरेल.

हे सारे आम्ही त्या देणगीदारांपुढे ठेवले. त्यांनी मोठ्या मनाने तोच निधी गरजू रुग्णांच्या एचबीए१सी चाचणीकरिता, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी पातळी दाखविणाऱ्या तपासणीकरिता, आणि पायांच्या नियमित तपासणीकरिता दिला. त्यांच्या इच्छेनुसार नाव प्रसिद्ध करीत नाही. मात्र त्यांचे ऋण येथे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

रुग्णांच्या नातेवाईकांस नम्र विनंती : वरणात, भाजीत हळद अवश्य असावी. परंतु हळदीची गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास. आणि चालू औषध आपल्या मनाने कदापि बंद करू नये.

आपला विश्वास हेच या संस्थेचे भांडवल आहे. तो असाच राहावा, ही प्रार्थना.