स्वतःच्या ताटांतील प्रयोग

राष्ट्राला कमी खा असें सांगण्याचा अधिकार कोणाला? १९३९ च्या सप्टेंबरांत महायुद्ध पेटलें, तेव्हां हा प्रश्न ब्रिटनपुढें उभा राहिला. त्या देशाचें पुष्कळसें अन्न समुद्रापलीकडून येई, आणि समुद्रांत शत्रूच्या पाणबुड्या फिरत होत्या. जहाजें येईनाशीं झालीं तर देशांत पिकेल तेवढ्यावर माणसें नुसतीं जगतील, कीं श्रम करण्याइतकीं धडधाकटही राहतील? केंब्रिजच्या डॉ. रॉबर्ट मॅकन्स यांनीं या प्रश्नाचें उत्तर तर्कानें न देतां स्वतःच्या शरीरानें दिलें.

१८९८ सालीं अल्स्टरमध्यें जन्मलेले मॅकन्स पहिल्या महायुद्धांत नौदलाच्या विमानदळांत होते. पुढें केंब्रिज येथें हॉपकिन्स यांच्या हाताखालीं त्यांनीं जीवरसायनाचें संशोधन केलें. पण परीक्षानळींतील अन्न निराळें आणि रोग्याच्या पोटांतील अन्न निराळें. म्हणून ते लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांत वैद्यक शिकले. मधुमेहाच्या रोग्यांना कोणतें फळ वा भाजी किती द्यावी हें कळण्यासाठीं त्यांतील साखर मोजण्याचें काम तेथें त्यांच्याकडे आलें. १९३३ सालीं त्याच रुग्णालयाच्या मुदपाकखान्यांत एल्सी विडोसन या तरुण रसायनतज्ज्ञ बाईंशी त्यांची गांठ पडली. फळांतील साखरेचे त्यांचे आंकडे चुकीचे आहेत, असें बाईंनीं निर्भीडपणें दाखविलें. मॅकन्स यांनीं राग न मानतां बाईंनाच आपल्या कामांत घेतलें. ती जोडी पुढें साठ वर्षें टिकली.

युद्ध सुरू होतांच या दोघांनीं कांहीं सहकाऱ्यांसह सुमारें तीन महिने स्वतःवर कडक रेशनिंग लादून घेतलें. आठवड्याला एक अंडें, मांस व मासे मिळून सुमारें एक पौंड, आणि दूध, साखर, लोणी अगदीं थोडें. पाव, बटाटे व भाजीपाला मात्र हवा तितका. नंतर ऐन हिवाळ्यांत ही मंडळी इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशांतील डोंगरांत गेली. मॅकन्स केंब्रिजहून तेथपर्यंत सायकलीनें गेले! तेथें दिवसच्या दिवस चढउतार करूनही कोणाची ताकद कमी पडली नाहीं. तक्रारी दोनच होत्या : एवढा पाव चावण्यांत वेळ फार जाई, आणि पोटांत वायु धरे.

एक उणीव मात्र डोळ्यांना न दिसणारी होती. दूध कमी झाल्यानें चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडत होता. शिवाय कोंड्यासकट पिठांत असणारें फायटिक आम्ल तो बांधून ठेवी व शरीरांत शोषूं देत नसे. उपाय साधा निघाला : पिठांतच खडूची पूड मिसळावी. युद्धकाळांत तसें करण्यांत आलें, आणि ब्रिटनमध्यें आजही सकस कणीक वगळतां गव्हाच्या पिठांत तें मिसळावें लागतें.

निरोगी प्रौढांवरून मुलांविषयीं अनुमान काढणें धोक्याचें असतें. म्हणून युद्धानंतर या दोघांनीं जर्मनींतील अनाथगृहांतल्या कुपोषित मुलांना निरनिराळ्या पिठांचे पाव भरपूर देऊन त्यांची वाढ तपासली. पांढऱ्या पावावरचीं मुलें मागें पडतील अशी अपेक्षा होती. पण सारीं सारखींच वाढलीं, आणि जें दिसलें तेंच त्यांनीं प्रसिद्ध केलें.

आहाराविषयीं उपदेश करणाऱ्यांची आज कोठेंच वाण नाहीं. अशा वेळीं ऐकणारानें एवढेंच विचारावें : यानें मोजलें आहे काय, रोगी पाहिला आहे काय, आणि सांगतो तें स्वतः खाऊन डोंगर चढला आहे काय?