एकाच फळीवरचे कप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारिणीने मला केली, तेव्हा प्रथम मला हसू आले आणि मग घाम फुटला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यात विषय घेतला तो कॉलेजचा! कॉलेजची पायरी मी एकदाच चढले, तीही थोरलीच्या प्रवेशाच्या वेळी, आणि तिथे कारकुनाने विचारलेल्या कागदाचे नाव मला शेवटपर्यंत कळले नाही. तेव्हा जे सांगणार आहे ते थोरलीच्या तोंडून ऐकलेले आणि माझ्या चुलीपाशी घडलेले आहे. काही चुकले तर पदरात घ्यावे.

प्रश्न असा आहे. निरनिराळ्या जातीधर्मांची, निरनिराळ्या बोलींची, गरीब आणि बऱ्या घरची मुले एका वर्गात आली, तर त्यांची विद्या वाढते की खुंटते? आपल्यापैकी पुष्कळजणींच्या मनात ही भीती असते. मुलगी भिवंडीला शिकायला जाते, तिथे कोणाकोणात बसत असेल, तिचे लक्ष राहील का, असे आपण पाण्याच्या नळावर बोलतो. मीही बोलले आहे.

थोरली पहिल्या वर्षी कॉलेजात गेली, तेव्हा दोन महिने तिने वर्गात तोंड उघडले नाही. आपली बोली आगरी. ‘पाणी’ म्हणायचे तिथे तिच्या तोंडून ‘पानी’ गेले आणि मागच्या बाकावर खसखस पिकली. झाले! तेव्हापासून मुलगी गप्प. तिच्याच बाकावर भिवंडीतल्या मागवाल्यांच्या वस्तीतली एक मुलगी बसे. तिचे सारे शिक्षण उर्दूतून झालेले, म्हणून तीही गप्प. तिसरी डोंगराकडच्या पाड्यावरची, कातकरी, आईबाप वीटभट्टीवर. ती तर हजेरीलाही मान हलवीत असे. तीन मुक्या एका बाकावर बसल्या आणि तिथेच त्यांची मैत्री झाली.

पुढे अर्थशास्त्राच्या मास्तरांनी कर्जावर टिपण लिहून आणायला सांगितले. पुस्तकातले सगळ्यांनीच उतरवले असते. पण पाड्यावरच्या मुलीने सांगितले, की पावसाळा सरला की भट्टीवाल्याकडून बाप उचल घेतो, ती सणात नि दुखण्यात संपते, आणि मग सारे घर हंगामभर विटा पाडून ती फेडते. हिशेब होतो शेवटी, आणि तो लिहिलेला असतो मालकाच्या वहीत. मागवाल्याच्या मुलीने सांगितले, की कापड मीटरवर मोजतात आणि मीटरवरच मजुरी मिळते. वीज गेली की माग थांबतो, आणि त्याबरोबर मजुरीही. आमच्या थोरलीने भातशेती सांगितली, बियाण्याला घेतलेले पैसे आणि पाऊस लांबला की काय होते ते. तिघींनी मिळून लिहिले. मास्तरांनी ते वर्गात वाचून दाखवले. ज्यांनी ‘पानी’वरून हसू केले होते, त्यांनीच नंतर वह्या मागितल्या.

आता माझी लाजेची गोष्ट सांगते. भाषणात सांगावी की नाही याचा मी आठवडाभर विचार केला.

त्या दोघी एकदा आमच्याकडे अभ्यासाला आल्या. मी तांदळाच्या भाकऱ्या थापीत होते. चहा केला. थोरलीला आणि मागवाल्याच्या मुलीला घरातले कप दिले, आणि पाड्यावरच्या मुलीला तो दांडी तुटलेला कप, जो आपण शेतावरच्या मजुरांसाठी खालच्या फळीवर वेगळा ठेवतो. मुद्दाम असे काही मनात नव्हते, हात आपोआप खालच्या फळीकडे गेला. ती मुलगी काही बोलली नाही. थोरलीही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने तोच कप काढला आणि त्यातून चहा घेतला. आठ दिवस ती त्याच कपातून घेत होती. नवव्या दिवशी मी तो फोडून टाकला. मग तिने मला साताऱ्याच्या लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगितली.

कर्मवीर भाऊराव पाटील हे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग सुरू केले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, सारी मुले एका पंगतीस बसत, आणि काम सर्वांना वाटून असे. त्या काळी जैन पाटलाच्या घरातल्या सुनेला हे किती जड गेले असेल, याचा विचार आपण बायकाच करू शकतो! सोवळ्यात वाढलेली बाई. पण पुढे मुलांच्या पोटाला कमी पडले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा विकले. १९३० साली त्या वारल्या. कॉलेज निघालेले त्यांनी पाहिले नाही. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ साली निघाले आणि तिथे ‘कमवा आणि शिका’ ही रीत सुरू झाली. मुले काम करीत आणि त्यावर शिकत. याच बोर्डिंगात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एका पंगतीत जेवल्याने विद्या खुंटते असे म्हणणाऱ्याने हे उदाहरण पाहावे.

पण भगिनींनो, थोरलीने मला याची दुसरी बाजूही सांगितली आणि ती मला फार पटली. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १८९६ साली राजाराम वसतिगृह काढले, ते सर्व जातींसाठी होते. दार सर्वांना उघडे, परंतु कारभार एकाच जातीच्या हाती. होता होता बाकीची मुले कमी झाली आणि ते एकाच समाजाचे झाल्यासारखे झाले. मग महाराजांनी निराळी बोर्डिंगे काढवली: १९०१ साली मराठ्यांचे, त्याच साली जैनांचे, १९०६ साली मुसलमानांचे, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कोणी म्हणेल, ही तर फाटाफूट झाली. मला तसे वाटत नाही. एकटेदुकटे पोर परक्यात बुजते. त्याला आधी आपल्या माणसांचा आधार लागतो. पण तेवढ्यावरच राहिले तर? भाऊराव स्वतः त्या जैन बोर्डिंगात होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते गेले, परत आल्यावर आंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. एकत्र बोर्डिंगाची कल्पना त्यांच्या मनात कुठून आली, हे त्यावरून कळते.

म्हणजे दार नुसते उघडे ठेवून भागत नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया गुरिन नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली यावरच संशोधन छापले. निरनिराळ्या वंशांची किती मुले कॉलेजात आहेत एवढी मोजदाद पुरी होत नाही. ती वर्गात एकमेकांचे ऐकतात का, वर्गाबाहेर एकत्र वावरतात का, यावर त्यांचा विचार वाढणे अवलंबून असते, असे त्यांना आढळले. यावर तिकडे कोर्टकज्जेही झाले. २००३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मुभा दिली होती, आणि २०२३ साली तो दरवाजा जवळजवळ बंद केला. मोठ्या देशातही हा प्रश्न मिटलेला नाही.

आपल्याकडचे एक संशोधन मला अधिक कळले, कारण त्यात पोरांच्या पळण्याच्या शर्यती आहेत. ते कॉलेजचे नव्हे, शाळांचे आहे. दिल्लीत २००७ साली, सवलतीने सरकारी जमीन घेतलेल्या खाजगी शाळांना गरीब घरच्या मुलांसाठी जागा राखाव्या लागल्या. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या श्रीमंत मुलांना पारखले. शर्यतीसाठी जोडीदार निवडायचा, जिंकल्यास पैसे. जोरात पळणारा गरीब मुलगा घ्याल, की हळू पळणारा आपल्यातला? ज्यांच्या वर्गात गरीब मुले होती, त्यांनी गरीब म्हणून कोणाला टाळण्याचे प्रमाण कमी होते. दानधर्मालाही ती पुढे होती. अभ्यासाचे म्हणाल, तर इंग्रजीच्या मार्कांत थोडी घट दिसली, एकंदरीत नुकसान झाले नाही. ही घट मी लपवून ठेवीत नाही, कारण कोणी ना कोणी विचारणारच. त्यातली एक गोष्ट मात्र मी थोरलीकडून दोनदा ऐकून घेतली. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या पहिल्या अक्षरावरून पाडीत. म्हणजे कोण कोणाच्या गटात, हे केवळ नावावर ठरले. आणि ज्या मुलाच्या गटात गरीब मुलगा आला, त्याच्यावर परिणाम अधिक दिसला. नुसत्या एका छपराखाली बसण्यापेक्षा एका चटईवर बसण्याचा गुण मोठा.

आता मी हे सारे का सांगितले, तेही मोकळेपणी बोलते. मंडळाची मागली खोली संध्याकाळी रिकामी असते. तिथे कॉलेजच्या मुलींसाठी अभ्यासिका करावी, असे गेल्या सभेत ठरत आले होते. त्यावर सूचना आली, की ती फक्त सभासदांच्या मुलींसाठी असावी, पाड्यावरच्या मुलींना पाहिजे तर रविवारचा दिवस वेगळा द्यावा. सूचना करणाऱ्या भगिनीच्या मनात वाईट काही नव्हते. माझ्याही मनात त्या कपाच्या वेळी वाईट नव्हते.

माझी मंडळास हात जोडून विनंती आहे, की अभ्यासिका रोज आणि सर्वांना एकाच वेळी असावी. वर्गणी न मागता. बसायला चटया पुरेत, टेबलखुर्च्या मागाहून पाहू. ज्यांना बोलीमुळे वर्गात बोलता येत नाही, त्या मुली इथे आधी आपसात आपल्या बोलीत बोलतील, मग पुस्तकी मराठीत. आगरी, वारली, उर्दू, कोणी कोणाला हसणार नाही, एवढे पाहायला आपल्यापैकी एक बाई रोज तिथे भाजी निवडीत बसली तरी पुष्कळ. पहिला महिना मी बसेन. पाड्यावरच्या मुलींना अंधार व्हायच्या आत परत जायचे असते, आणि आपल्या वसई-दिवा मार्गावर गाड्या मोजक्याच. तेव्हा वेळ पाच ते सात अशी न ठेवता चार ते सहा ठेवावी. पाण्याचा एकच माठ आणि एकाच फळीवर सारे पेले, ही व्यवस्था मी करते. माठ घेऊन ठेवला आहे. खोलीच्या कुलपाची दुसरी किल्ली तेवढी चिटणीसबाईंनी मला द्यावी.