आराखडा गावाचा, सहभाग सर्वांचा
(वार्षिक सभेत विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेले भाषण)





आपल्या रुग्णालयात येणाऱ्या काही गर्भवती भगिनी अत्यवस्थ झाल्यावरच येथे पोहोचतात. त्यांचा रक्तक्षय गावच्या उपकेंद्रात वेळीच लक्षात आला असता, तर अनेकींवर ही वेळ आली नसती. आपल्या देणगीतून मोफत खाट देता येते; वाया गेलेले महिने परत देता येत नाहीत. म्हणूनच धर्मादाय रुग्णालय हे सरकारी आरोग्यसेवेला पर्याय नव्हे, तर ती सेवा सुधारण्याच्या कामातील एक सहभागी आहे, अशी आमची धारणा आहे.

या कामाचा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्याअंतर्गत २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख व नियोजनाचा उपक्रम हाती घेण्यात आला. ग्रामस्थ, लोकप्रतिनिधी, स्वयंसेवी संस्था आणि आरोग्य कर्मचारी एकत्र बसले. गावाच्या आरोग्यसेवेचे प्रगतिपत्रक तयार झाले : चांगल्या सेवेस हिरवा, मध्यम सेवेस पिवळा आणि वाईट सेवेस लाल रंग. अक्षरओळख नसलेल्यांनाही ते समजले. न सुटलेले प्रश्न जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडले गेले.

तथापि, दोष दाखविल्याने आराखडा होत नाही. कोणते काम, कोणी, केव्हापर्यंत आणि कोणत्या निधीतून करावयाचे, हे ठरवावे लागते. अभियानाने ग्रामसमितीस वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी देऊ केला होता. रक्कम लहान, परंतु तिचा विनियोग गावाने ठरवावयाचा, हे त्यातील मर्म होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि परिचारिका यांनाही रिक्त पदे आणि औषधांचा तुटवडा सोसावा लागतो. त्यांना आरोपी न मानता सोबत घेतले, तरच आराखडा टिकतो.

अशा बैठकीत आम्ही आराखड्याचे कर्ते म्हणून नव्हे, तर साहाय्यक म्हणून बसावे. कोणत्या भागातून रुग्ण उशिरा येतात, ही आमच्या नोंदवहीतील माहिती, रुग्णांची नावे उघड न करता, तेथे ठेवावी.

देणगीदारांना आमची विनंती एवढीच, की या कामावर आपल्या नावाची पाटी लागणार नाही, तरीही त्यास आपला आशीर्वाद असावा. उपकेंद्रात वेळीच उपचार मिळून आमच्याकडील एखादी खाट रिकामी राहिली, तर ते आपल्याच दानाचे फळ आम्ही मानू.