पेट्रोलात तेल किती?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणारे आज इथे पुष्कळ आहेत, ते बोलतीलच. आम्ही उभे राहिलो आहोत ते एका जळालेल्या इंजिनाची गोष्ट सांगायला. हसू नका. त्या इंजिनात अकरा घरांची वर्गणी होती आणि ती तीन दिवसांत गेली.

रानडुकरे आणि रोही यांनी आमच्या शिवारात काय मांडले आहे ते तुम्हाला सांगायला नको. ज्वारी हुरड्यावर आली की रात्रभर जागल. तेव्हा अकरा जणांनी ठरवले की तारेचे कुंपण करायचे. खांबांसाठी शेकडो खड्डे. पहारीने खणायचे तर मजुरीच तारेपेक्षा जड. म्हणून खड्डे खोदायचे पेट्रोलचे मशीन घेतले. सुताराचे गिरमिट असते ना, तेच पुरुषभर उंच, वर छोटे टू-स्ट्रोक इंजिन आणि दोन्हीकडे धरायला मुठी. अमेरिका-कॅनडात थंडीत तळी गोठली की मासे धरणारे लोक अशाच इंजिनाच्या गिरमिटाने बर्फात भोके पाडतात. आम्ही मे महिन्यात मुरमात पाडायला निघालो.

मशीनबरोबर पुस्तिका होती, इंग्रजीत. त्यात तेलापुढे दोन आकडे होते : सुरुवातीला २०:१, पुढे २५:१. आम्ही दुकानदाराला विचारले, तेल किती घालायचे? तो म्हणाला, "लिटरला वीस घाला." आम्ही लिटरला २० मिली घातले. तेलही त्याच्याकडचेच, सुटे, बाटलीवर नाव ना गाव. पहिल्या दिवशी पूर्ण रेस देऊन दुपारपर्यंत खड्डे पाडले. मशीन पळत होते, आम्ही खूष होतो. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आवाज बदलला, जोर उतरला, आणि इंजिन थांबले. दोरी ओढली तर दोरी जागची हलेना. मिस्त्रीने सिलिंडर काढून दाखवला. पिस्टनवर वरपासून खालपर्यंत ओरखडे, रिंग खाचेतच चिकटलेली.

आता चूक कुठे झाली ते बघा. २०:१ म्हणजे लिटरला २० मिली नव्हे. वीस भाग पेट्रोल, एक भाग तेल. एक लिटर म्हणजे हजार मिली, त्याला वीसने भागा, ५० मिली येतात. पाहिजे होते ५०, घातले २०. अर्ध्याहूनही कमी तेलावर आम्ही नवे कोरे इंजिन भर उन्हात पळवले. कापसाच्या काट्यावर किलोभर इकडेतिकडे झाले तर आपण अडत्याशी भांडतो, आणि इथे निम्म्याहून जास्त माप खाल्ले गेले ते आम्हाला कळलेही नाही.

हा हिशेब घरी जाऊन पोराच्या वहीत लिहून ठेवा. २०:१ ला लिटरमागे ५० मिली. २५:१ ला ४०. ४०:१ ला २५. ५०:१ ला २०. पुढचा आकडा जितका मोठा तितके तेल कमी. डोके उलट चालते ते इथेच. कुठले प्रमाण घ्यायचे ते तुमच्या मशीनची पुस्तिका सांगेल, आम्ही नाही, शेजारीही नाही. कुणाच्या मशीनला २५:१ लागते, चांगल्या प्रतीच्या तेलावर कुणाचे ५०:१ वर चालते.

तुम्ही म्हणाल, तेलावर एवढे काय अडले आहे? ट्रॅक्टरच्या इंजिनाखाली ऑइलचे चेंबर असते, तिथून ऑइल सगळीकडे फिरते. टू-स्ट्रोकला तसले चेंबरच नाही. पेट्रोल आणि हवा आधी खाली क्रँकच्या पोटात जातात, तिथून वर सिलिंडरमध्ये. त्या वाटेने जाताना पेट्रोलात मिसळलेले तेल बेअरिंगला लागते, पिस्टनला लागते, आणि मग जळून सायलेन्सरवाटे धुरात जाते. म्हणजे प्रत्येक थेंबाला इंजिन नवे तेल मागते. पेट्रोल पोहोचले आणि तेल नाही पोहोचले, तर लोखंडावर लोखंड. नव्या इंजिनात तर आणखी कठीण. नवा सिलिंडर हाताला गुळगुळीत लागतो, पण त्याच्यावर बारीक रेघा असतात आणि रिंग अजून त्याच्याशी बसलेली नसते. दोघांनी एकमेकांना थोडे थोडे घासूनच जागा करून घ्यायची असते. तेव्हा घर्षण जास्त, उष्णता जास्त, म्हणून पुष्कळ मशिनींना सुरुवातीला तेल जास्त सांगितलेले असते. पूर्वी नव्या गाडीच्या मागे "रनिंग इन" असे लिहिलेले असायचे, आठवते? तेच हे.

खरे तर हे ज्ञान गावात होते. लुना १९७२ साली आली. ज्याच्या घरी लुना किंवा जुनी स्कूटर होती त्याला पेट्रोलपंपावर टू-टी ऑइल मारून घेतल्याशिवाय निघायचे नाही एवढे पक्के ठाऊक होते. मग चार-स्ट्रोक मोटरसायकली आल्या, तेल आणि पेट्रोल वेगळे झाले, आणि आमच्या पोरांनी ती सवय पाहिलीच नाही. आता तेच टू-स्ट्रोक इंजिन फवारणीच्या पंपावर, गवत कापायच्या यंत्रावर, खड्ड्याच्या मशीनवर बसून परत दारात आले आहे. इंजिन आले, माप आले नाही.

दुसऱ्या बाजूचाही एक खड्डा आहे. आमची फजिती ऐकून शेजारच्या गावात एकाने आपल्या पंपात लिटरला १०० मिली घातले. जास्त तेल म्हणजे जास्त जपणूक, असा हिशेब. तसे नाही. तेल वाढले की तेवढ्या मिश्रणात पेट्रोल कमी होते, हवा तेवढीच राहते, आणि इंजिन उलट तापते. वर प्लग काळा पडतो, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरते. त्याचा पंप जळाला नाही, पण सकाळी सुरू व्हायला अर्धा तास दोरी ओढावी लागे.

तेल कुठले? डब्यावर टू-स्ट्रोकचे, टू-टी, असे छापलेले आणि सीलबंद. मोटरसायकलचे फोर-टी ऑइल चालत नाही. ते जळण्यासाठी केलेलेच नसते, त्याची राख प्लगवर बसते. ट्रॅक्टरचे काढलेले काळे ऑइल तर कुणी घालूच नका. रॉकेलची मिसळही नको. आणि एक उलटी चूक : काही पंप आता चार-स्ट्रोकचे येतात. त्यांना ऑइलचे वेगळे झाकण असते. तिथे पेट्रोलात तेल मिसळायचे नाही, आणि ऑइल भरल्याशिवाय सुरूही करायचे नाही. मशीन घेताना हाच पहिला प्रश्न विचारा.

मिश्रण मशीनच्या टाकीत करू नका, तेल तळाशी बसते. पेट्रोलचा वेगळा कॅन ठेवा. आधी अर्धे पेट्रोल, मग सगळे तेल, हलवा, मग उरलेले पेट्रोल, परत हलवा. मापाला मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा, सुई नसलेली. औषधाच्या झाकणाने तेल मोजू नका, त्याला विष लागलेले असते. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल तर नकोच. घरात लेकरे आहेत. टू-टी तेलाला बहुधा रंग असतो, त्यावरून मिसळलेले पेट्रोल ओळखू येते, तरी कॅनवर खूण करा. आणि पंधरा-वीस दिवसांत संपेल तेवढेच करा. आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ऊस-मक्यातूनच निघते, आमचा त्याला विरोध नाही. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढते, आणि जास्त पाणी धरले की ते पेट्रोलापासून वेगळे होऊन खाली बसते. शेवटची फवारणी झाली की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बुरेटरही कोरडा होतो. नाहीतर पुढच्या मृगाला मिस्त्रीचे घर.

पहिल्या दोन-तीन टाक्या जपून काढा. सुरू केल्यावर दोन मिनिटे हळू चालू द्या. नंतर रेस कमी-जास्त करत राहा, सलग पूर्ण रेस नको, तासभर नुसते हळूही नको. खड्ड्याचे मशीन असेल तर आधी ओल्या मऊ जमिनीत, हातभर खोल. मुरूम नंतर. चार-पाच खड्डे झाले की थांबा, निवू द्या. आवाज अचानक चिरका झाला किंवा जोर उतरला तर त्याच क्षणी बंद करा, "हा एवढा खड्डा" म्हणू नका. आम्ही म्हटले होते.

फवारणीच्या पंपाचे वेगळे सांगतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे गेली. भरलेला पंप पाठीवर असताना इंजिन बंद पडले की माणूस ओल्या हातांनी तिथेच प्लग खोलतो, तोच हात कपाळाला लावतो. पंप उतरवा, हातपाय साबणाने धुवा, मग इंजिनाला हात लावा.

दुकानदाराकडे आम्ही परत गेलो. तो म्हणाला, तेल कमी घातले, वॉरंटीत बसत नाही. आम्ही म्हटले, तुम्हीच सांगितले. तो म्हणाला, लेखी आहे का? नव्हते. म्हणून आमचा एक आग्रह आहे आणि या मेळाव्याने तो उचलावा : इंजिनाचे कुठलेही यंत्र घ्याल तर पक्की पावती घ्या, आणि लिटरला किती मिली तेल, पहिल्या टाक्यांना किती, नंतर किती, हे त्याच पावतीवर मराठीत लिहून सही घ्या. लिहून देत नसेल तर दुसरे दुकान बघा. पुढे ग्राहक आयोगात जायची पाळी आली तर हाच कागद बोलेल.

आम्ही सिलिंडर-पिस्टन नवे टाकले, परत वर्गणी काढून. या खेपेला लिटरला ५० मिली, सिरिंजने मोजून. कुंपण पूर्ण झाले, मशीन चालू आहे. जुना पिस्टन पिशवीत आणला आहे. जेवणाच्या सुट्टीत मंडपाच्या मागे या, ओरखडे डोळ्यांनी बघा. पंप आणला असेल तर पुस्तिका घेऊन या, बसून हिशेब काढू.