मोजणीचं यंत्र आपल्या पोरांच्या हातात
(युवा शिबिरात संघटनेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दाव्यांची मोजणी झाली तेव्हा आम्ही काय केलं, ते आधी कबूल करतो. साहेबाच्या हातात जीपीएसचं यंत्र. आम्ही त्याच्या मागनं बांधावरून चाललो, त्याला पाणी दिलं, कोंबडी कापली, कागदावर सह्या-अंगठे केले. मग पट्टे आले. कसतो तीन एकर, आणि पट्ट्यावर 0.30 हेक्टर. म्हणजे 30 आर, जवळपास तीसच गुंठे! अपिलात गेलो. वरच्या साहेबाने नकाशा पुढे सरकवला, म्हणाला, "चूक कुठं आहे, दाखवा." आम्ही सगळे गप्प. मोर्चात मार खाल्ला तेव्हाही एवढं वाईट वाटलं नव्हतं.

तो नकाशा शेवटी वाचला आपल्याच पाड्यावरच्या पोरीने. बारावी सायन्स झालेली. तिने आम्हाला ओट्यावर बसवून सांगितलं, की हे यंत्र निदान चार उपग्रहांचे संदेश पकडून आपण कुठं उभे आहोत ते काढतं. दाट झाडाखाली, कड्याच्या आडोशाला संदेश अडतो, आपटून येतो, आणि जागा काही मीटर सरकते. मोठ्या बागायतदाराला त्याचं काही नाही. आपल्या डोंगरउतारावरच्या नागलीच्या पट्टीला आहे.

उपग्रहाच्या फोटोचंही तसंच. आपल्या देशाच्या उपग्रहांवर लिस-3 नावाचा कॅमेरा असतो. त्याचा एक ठिपका 23.5 मीटर लांब आणि तेवढाच रुंद. म्हणजे एका ठिपक्यात साडेपाच गुंठे. दहा गुंठ्यांची वरई त्यात दोन ठिपके, त्यावर मोहाची सावली पडली की झालं जंगल. आणि 2012 च्या सुधारित नियमात तर लिहिलंय, की असा फोटो बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्याच्या जागी चालणार नाही. म्हाताऱ्यांचा जबाब, जुना बांध, दंडाची पावती, हे पुरावे उभेच राहतात. पण साहेबासमोर हे बोलायला ठिपका म्हणजे काय ते कळावं लागतं ना!

म्हणून पोरांनो, पोरींनो, गणिताला भिऊन आर्ट्सला पळू नका. आयटीआयमध्ये सर्वेअरचा ट्रेड आहे, दोन वर्षांचा, दहावी पास लागतो. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापकाच्या भरतीला तो ट्रेड चालतो, सिव्हिलचा डिप्लोमाही चालतो. बारावी सायन्स केली तर दापोलीला, अकोल्याला वनशास्त्राची पदवी आहे. हसू नका, फॉरेस्टवाला आपल्यातला का असू नये? झाडं तर आपणच जास्त ओळखतो.

म्हातारी माणसं म्हणतात, शिकलेलं पोर परत येत नाही. खोटं नाही ते. काही गेलेत, सणालाही येत नाहीत. पण घरी ठेवलेली पोरं तरी कुठं राहिली? वीटभट्टीवर गेली, दिवाळीनंतर पाडा रिकामाच. आयांना, बापांना आमचं एकच मागणं आहे. पोरीला दहावीनंतर लगेच लग्नाला उभी करू नका. नकाशा वाचला तो पोरीनेच.

येत्या रविवारी दहावी-बारावीच्या पोरांनी शाळेमागच्या माळावर यावं. टेप, दोरी आणि वही आणायची. आधी दोरीने एक पट्टी मोजू, मग तीच यंत्राने, आणि फरक वहीत लिहू. ज्यांचं अपील बाकी आहे त्यांनी पट्ट्याची झेरॉक्स घेऊन यावं. मूळ कागद घरीच ठेवा.