डेन्व्हरची सहल आणि आग्रहाचा प्रश्न
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



परदेशातल्या आपल्या वर्गमित्रांना एकत्र कसं आणलं ते सांग, असं संयोजकांनी मला फर्मावलं. आता ती सहल होती बिअर महोत्सवाच्या निमित्ताने, आणि समोर पहिल्या रांगेत सर आणि बाई बसलेत. पण आपल्या सगळ्यांचीच पन्नाशी उलटली आहे, तेव्हा बोलते. सर, प्रगतिपुस्तकात शेरा मात्र लिहू नका.

अमेरिका आणि कॅनडा मिळून आपल्या बॅचचे बारा जण आहेत. दरवर्षी ग्रुपवर "भेटू या, भेटू या" व्हायचं आणि विरून जायचं. माझा अनुभव असा की नुसत्या इच्छेने कोणी विमानाचं तिकीट काढत नाही. त्याला एक ठरलेली तारीख लागते. आम्हाला ती मिळाली डेन्व्हरच्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमुळे. मी तिथेच राहते, म्हणून संयोजन माझ्या गळ्यात पडलं.

या महोत्सवाची गोष्ट गुरुजनांनाही आवडेल, कारण तो सुरू केला एका शाळामास्तरांनी. चार्ली पपाझियन हे बोल्डर गावात मुलांना शिकवायचे आणि फावल्या वेळात मोठ्यांना घरी बिअर कशी करायची याचे वर्ग घ्यायचे. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरगुती बिअरला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली. तेव्हा अख्ख्या अमेरिकेत बिअरचे कारखाने शंभरसुद्धा नव्हते. आज ते नऊ हजारांच्या वर आहेत. १९८२ साली पपाझियननी बोल्डरला हा महोत्सव भरवला आणि दोन वर्षांनी तो डेन्व्हरला आला. बिअर करण्याची रीतही आपल्याला अनोळखी नाही. नाचणीला मोड आणून, वाळवून आपण सत्त्व करतो, तसंच इथे जवाला मोड आणतात. मग त्याचं गोड पाणी काढून, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून उकळतात आणि निवल्यावर यीस्ट घालतात. पुढचं किण्वन आपण शाळेत शिकलोच आहोत.

तर, मी ग्रुपवर बेत टाकला. धडाधड अंगठे आले. एका मित्राचा मात्र मला वेगळा निरोप आला. त्याने सहा वर्षांपूर्वी दारू सोडली आहे. सोडावी लागली, असं तोच म्हणतो. हे सगळं तुम्हाला सांगायची परवानगी त्याने दिली आहे, नाव तेवढं घेऊ नकोस म्हणाला. त्याने लिहिलं होतं, "तुम्ही जा, मजा करा. मला भेटायला यायचं म्हणजे दोन दिवस 'नको, नको' म्हणत राहायचं. त्याचाच थकवा येतो."

सहा वर्षं हा मुलगा आपल्या एकाही भेटीला का आला नाही, हे मला तेव्हा कळलं.

महोत्सव रद्द करावा, असं त्याचंही म्हणणं नव्हतं. मग मी सहलीचा आराखडाच उलटा मांडला. महोत्सवाचं एक सत्र चार-साडेचार तासांचं असतं. आम्ही शुक्रवार संध्याकाळचं सत्र घेतलं. बाकीचा शनिवार-रविवार असा आखला, की जो महोत्सवाला येणार नाही त्याचं काहीच चुकू नये.

हॉटेल घेतलं महोत्सवाच्या सभागृहापासून चालत जाता येईल असं. विमानतळावरून शहरातल्या युनियन स्टेशनला थेट रेल्वे येते, चाळीस मिनिटांच्या आत. त्यामुळे शुक्रवारी गाडी कोणीच चालवायची नाही, हा नियम आपोआप पाळला गेला. सगळ्यांना पासपोर्ट जवळ ठेवायला सांगितलं. तिथे एकवीस वर्षं पूर्ण असल्याचा पुरावा दारात दाखवावा लागतो. डोक्यावरचे पांढरे केस पुरावा म्हणून चालत नाहीत.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५२८० फूट, म्हणजे बरोबर एक मैल उंचावर आहे. हवा कोरडी. न पिणाऱ्याचंही पहिल्या दिवशी डोकं दुखतं. म्हणून मी सगळ्यांना गुरुवारी रात्रीच बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली दिली.

आता थोडं गणित. महोत्सवात एका वेळी एकच औंस बिअर मिळते, म्हणजे जेमतेम तीस मिलिलिटर. ऐकायला थेंबभर वाटतं. पण चोवीस वेळा चव घेतली की दोन कॅन होतात, आणि तेही साध्या पाच टक्क्यांच्या बिअरचे. कित्येक बिअर दहा टक्क्यांच्याही असतात. त्या घेतल्या तर तेच चोवीस घोट चार कॅनच्या बरोबरीचे. म्हणून आधी पोटभर जेवण, मधूनमधून पाणी, आणि न आवडलेली चव सरळ बादलीत ओतून द्यायची. त्यासाठी तिथे बादल्या ठेवलेल्याच असतात. लोक गळ्यात खाऱ्या प्रेट्झेलच्या माळा घालून फिरतात, चवीचवीमध्ये एक मणी तोडून खातात.

आम्ही नऊ जण जमलो. पाच जण आत गेले, चार बाहेर राहिले. त्या चारांत एक माळकरी, एकाला मधुमेहाच्या गोळ्या चालू, एकीला वासच सहन होत नाही, आणि चौथा आपला तो मित्र. म्हणजे तो एकटा कधी नव्हताच. आपण त्याला उगाच एकटं पाडत होतो. चौघांनी जेवून युनियन स्टेशनच्या बाकांवर बसून रात्री दहापर्यंत गप्पा मारल्या आणि आतले पाच जण परत आल्यावर त्यांना चहा पाजला.

शनिवारी सकाळी कोलोरॅडो विधानभवनाच्या पायऱ्यांवर गेलो. तिथे एक मैल उंचीची पायरी खूण करून दाखवली आहे. तिच्यावर नऊ जणांचा फोटो काढला, तो या स्मरणिकेत छापला आहे. मग रेड रॉक्सला गेलो. तांबड्या कातळांच्या कुशीत १९४१ साली उघडलेलं ते खुलं नाट्यगृह. वरच्या पायरीवर पोचेपर्यंत सगळ्यांचे भाते झाले. रात्री माझ्या घरी पिठलं, भाकरी, ठेचा. पहाटे दोनपर्यंत कोणी उठलं नाही, आणि ग्लासात फक्त ताक होतं.

सहलीचा लेखी नियम एकच होता: "एकदा विचारायचं. 'नको' म्हटलं की पुन्हा विचारायचं नाही, आणि कारण तर मुळीच विचारायचं नाही."

मित्रांनो, आग्रह हे आपल्याकडे प्रेम समजलं जातं. पंगतीत जिलबीचा आग्रह व्हायलाच हवा. पण ग्लासाचं तसं नाही. काल रात्री जेवणाच्या वेळी मी पाहिलं, एका मित्राने ग्लासावर तळहात ठेवला होता आणि तिघे जण तो हात बाजूला करत होते. हसत हसत, प्रेमानेच. त्या हातामागे काय आहे, औषध आहे, व्रत आहे, की मोठ्या कष्टाने जपलेली सहा वर्षं आहेत, हे आपल्याला ठाऊक नसतं. ठाऊक असण्याची गरजही नाही.

चाळिशीतले मित्र पन्नाशीत गळतात, ते भांडणाने क्वचितच. आपण त्यांना अवघड करून ठेवतो म्हणून ते येईनासे होतात. पुढच्या मेळाव्याच्या संयोजकांना माझी एवढीच विनंती आहे की निमंत्रणपत्रिकेत हा नियम छापा.

जाता जाता एक बातमी सांगते. पुढच्या वर्षी आमची सहल सिअ‍ॅटलला आहे, आणि तिचं संयोजन त्या मित्राने आपणहून अंगावर घेतलं आहे. इथून कोणाला यायचं असेल तर व्हिसासाठी आत्तापासून अर्ज करा.