मोकळ्या वाहिनीवरचा पाहुणा

दूरदर्शन प्रक्षेपणासाठी राखून ठेवलेल्या लहरींपैकी कितीतरी खेडोपाडी रिकाम्याच असतात. पालघर जिल्ह्यातल्या खामलोली गावात आयआयटी मुंबईने याच लहरींवरून इंटरनेट पोहोचवून दाखवलं. पण वाहिनी मोकळी आहे हे यंत्राला कळायचं कसं? आणि मूळ हक्कदार आला तर?

एक उपाय नोंदींचा: कुठे कोणती वाहिनी मोकळी, याची यादी ठेवायची. दुसरा उपाय ऐकण्याचा. अशा मोकळ्या वाहिन्यांवरून इंटरनेट देण्यासाठीच्या २०११ सालच्या ‘आयईईई ८०२.२२’ या मानकात वेळेच्या १० मिलिसेकंदांच्या चौकटी पाडल्या आहेत. अशा १६ मिळून एक महाचौकट. अधूनमधून जाळ्याचं तळकेंद्र जोडलेल्या सगळ्या यंत्रांना एकदम गप्प बसवतं. या रचनेतली मला सर्वांत सुंदर वाटते ती ही शांतता. कारण आपणच बोलत राहिलो, तर दूरचा क्षीण संकेत ऐकू येणार कसा? तेवढ्या वेळात यंत्रं टीव्हीचा किंवा बिनतारी मायक्रोफोनचा संकेत शोधतात. एकाला जरी तो सापडला, तरी तळकेंद्राला खबर जाते. मग सगळ्यांनी आधीच हेरून ठेवलेल्या दुसऱ्या वाहिनीवर जायचं. त्यासाठी मुदत असते फक्त २ सेकंदांची.